गळ्याचे माप, खिशाचे माप : अमेरिकी शाळा, पोशाखाचे नियम आणि प्रॉमची रात्र

अमेरिकेतील माध्यमिक शाळांत शेवटच्या वर्षाच्या अखेरीस, साधारणपणे एप्रिल ते जून या महिन्यांत, विद्यार्थ्यांसाठी जो औपचारिक नृत्यसमारंभ भरवला जातो, त्यास प्रॉम असे म्हणतात. हे 'प्रॉमनेड' या शब्दाचे संक्षिप्त रूप असून, नृत्य सुरू होण्यापूर्वी निमंत्रितांनी जोडीजोडीने दालनातून मिरवत चालण्याच्या प्रथेवरून तो शब्द रूढ झाला. समारंभ नाचाचा असला, तरी त्याच्या केंद्रस्थानी पहिल्यापासून पोशाख आहे. मुलीने कोणता झगा घातला, मुलाचा कोट कोणत्या धाटणीचा होता, फुले कोणी आणली, या गोष्टी नाचापेक्षा अधिक काळ लक्षात राहतात. याच कारणाने शाळांनी विद्यार्थ्यांच्या कपड्यांवर घातलेल्या निर्बंधांचा इतिहास पाहायचा असेल, तर वर्गातल्या दिवसाइतकेच या एका रात्रीकडेही पाहावे लागते. त्या निर्बंधांमागे दोन निरनिराळ्या काळज्या होत्या, एक पालकांच्या ऐपतीची आणि दुसरी मर्यादेची, म्हणजे प्रामुख्याने मुलींच्या शरीराच्या दिसण्याची. शतकभराच्या काळात या दोहोंपैकी पहिली काळजी मागे पडत गेली आणि दुसरीने तिची जागा व्यापली, ही या इतिहासातील सर्वांत खेदजनक बाब होय.

प्रॉमचा उगम शाळांत नव्हे, तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या ईशान्य भागातील महाविद्यालयांत झाला. सधन घराण्यांत वयात आलेल्या मुलीला समाजापुढे आणण्यासाठी मोठे नृत्यसमारंभ होत असत, आणि ज्यांच्या घरी असा समारंभ होणे शक्य नव्हते अशा मध्यमवर्गीय तरुणांना महाविद्यालयातील प्रॉममुळे त्याच रीतिभातीचा अनुभव मिळे. विसाव्या शतकाच्या आरंभी ही प्रथा माध्यमिक शाळांत झिरपली. १९१० च्या सुमारास अमेरिकेतील तरुणांपैकी जेमतेम दहातील एक जण माध्यमिक शिक्षण पुरे करीत असे. १९४० पर्यंत हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर गेले. शाळा मूठभरांची न राहता सर्वांची झाली, आणि जो समारंभ मुळात घरंदाजपणाची नक्कल म्हणून सुरू झाला होता, तो गिरणीकामगारांच्या, शेतकऱ्यांच्या आणि नुकत्याच स्थलांतरित झालेल्या कुटुंबांच्या मुलांपुढे येऊन ठेपला. शाळेच्या व्यायामशाळेत रंगीत कागदाच्या पताका लावून दालनाचा आभास निर्माण करता येई. मुलीच्या मनगटाला दोऱ्याने बांधलेली, लहान पेन्सिल अडकवलेली नृत्यपत्रिका, जिच्यात प्रत्येक नाचापुढे जोडीदाराचे नाव लिहिले जाई, तीही शाळेच्या छापखान्यात स्वस्तात निघे. झगा मात्र प्रत्येकीला स्वतः आणावा लागे.

ऐपतीचा प्रश्न शाळांना प्रॉमच्याही आधी भेडसावला होता, तो पदवीप्रदान समारंभाच्या निमित्ताने. माध्यमिक शाळेचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या मुलींनी त्या दिवशी पांढरा झगा घालण्याची पद्धत होती, आणि त्या पांढऱ्या रंगाखाली रेशीम, लेस आणि शिंप्याची मजुरी यांची चढाओढ चाले. ज्या घरात मुलीला शाळेत ठेवणे हीच पदरमोड होती, तेथे शेवटच्या दिवसाच्या झग्यासाठी ऋण काढून सण साजरा करण्याची पाळी येई. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अनेक शाळांनी यावर साधे आणि उपयुक्त उपाय शोधले : झग्याच्या खर्चाला कमाल मर्यादा घातली, कापड सुतीच असावे असे ठरवले, किंवा गृहविज्ञानाच्या तासाला मुलींनी स्वतःचा झगा स्वतःच शिवावा अशी योजना केली. विद्यापीठांतील काळा किंवा रंगीत पायघोळ अंगरखा आणि चौकोनी टोपी हा पदवीदानाचा पोशाख माध्यमिक शाळांनी उचलला, त्यामागेही हाच विचार मोठ्या प्रमाणात होता, कारण अंगरख्याखाली कोणी काय घातले आहे हे दिसत नाही. कपड्यांसंबंधीचा हा नियम शिक्षकांच्या धाकापोटी आलेला नसून गरीब विद्यार्थिनीच्या बाजूने उभा राहिलेला होता, आणि म्हणूनच शालेय पोशाखाच्या इतिहासात त्याचे स्थान मानाचे असावयास हवे.

मर्यादेची काळजी त्याच सुमारास निराळ्या वाटेने आली. पहिल्या महायुद्धानंतर झग्यांची लांबी कमी झाली, पारदर्शक मोजे आले, आणि पूर्वी नाटकातल्या स्त्रियांपुरती मानली जाणारी पावडर-लाली दुकानाच्या फळीवर येऊन बसली. आर्कान्सा राज्याच्या क्ले काउंटीतील एका शाळेच्या मंडळाने १९२१ मध्ये नियम केला की, पारदर्शक मोजे, खोल गळ्याचे कपडे, सभ्यतेस न शोभणारी वेशभूषा आणि चेहऱ्यावरील प्रसाधने यांस शाळेत मनाई राहील. पर्ल पग्सली ही अठरा वर्षांची विद्यार्थिनी चेहऱ्यावर टाल्कम पावडर लावून आली. शिक्षकांनी ती धुऊन टाकण्यास सांगितले, आणि ती पुन्हा पावडर लावून आली तेव्हा तिला शाळेत प्रवेश नाकारण्यात आला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९२३ मध्ये बहुमताने निकाल शाळेच्या बाजूने लागला, कारण असे नियम करणे मंडळाच्या अखत्यारीत येते आणि त्यांत ढवळाढवळ करणे हे न्यायालयाचे काम नव्हे, असे न्यायाधीशांनी मानले. मात्र न्यायमूर्ती हार्ट यांनी भिन्नमत नोंदवले. एका चिमूटभर पावडरीसाठी एका मुलीचे शिक्षण थांबावे, हे त्यांना पटले नाही, आणि शंभर वर्षांनंतर वाचतानाही न्याय त्यांच्याच मतात दिसतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, टाल्कम पावडर ही महागडी वस्तू नव्हती. या नियमाने कोणत्याही पालकाचा एक पैसाही वाचला नाही.

प्रॉमच्या पोशाखात मुलगा आणि मुलगी यांच्या वाट्याला आरंभापासूनच दोन वेगळ्या व्यवस्था आल्या. मुलांच्या अंगावरील टक्सिडो, म्हणजे मागे शेपट्या नसलेला, रेशमी कॉलरचा संध्याकाळचा कोट, हा न्यूयॉर्क राज्यात १८८६ मध्ये वसवलेल्या टक्सिडो पार्क या श्रीमंतांच्या वसाहतीवरून नाव घेऊन आला. तो इतका ठरीव साच्याचा होता की एकाच्या अंगावरचा कोट दुसऱ्याच्या अंगावर सहज चालून जाई, आणि त्यामुळे टक्सिडो भाड्याने देण्याचा व्यवसाय भरभराटीस आला. दुकानदार फितीने छाती आणि बाहीची लांबी मोजून घेई, शर्टाची बटणे आणि कमरेचा चुणीदार रुंद पट्टा एका डबीत घालून देई, आणि समारंभानंतर तो सारा ऐवज परत जाई. सत्तरच्या दशकात फिकट निळ्या रंगाचे कोट आणि छातीवर झालरी लावलेले शर्ट आले, तेव्हाही ते भाड्यानेच मिळत. साचा एक, रंग ठरलेला, खर्च आटोक्यात : पदवीदानाच्या अंगरख्याने जे साधले होते, तेच टक्सिडोने मुलांसाठी साधले, आणि तेही कोणत्याही शाळेने तसा नियम न करता.

मुलीच्या झग्याची गत याच्या उलट झाली. तो विकतच घ्यावा किंवा शिवावा लागे, दुसऱ्या कोणीच तसा घातलेला नसावा ही अपेक्षा असे, आणि फॅशन बदलली की मोठ्या बहिणीचा झगा धाकटीस जुना वाटे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, सरकारी आदेशाने स्त्रियांच्या कपड्यांत किती कापड वापरावे यावर बंधने आली, त्यामुळे घेर आणि लांबी आपोआप आवरली गेली. १९४७ मध्ये पॅरिसच्या ख्रिस्तियन दिओरने बारीक कमर आणि प्रचंड घेर असलेली धाटणी आणली, युद्धकाळातील काटकसर संपली, आणि नायलॉनच्या स्वस्त जाळीमुळे तो घेर सामान्य घरातील मुलीच्याही आवाक्यात आला. पन्नासच्या दशकातील प्रॉमचा झगा आतून पाहिला तर त्याची रचना ध्यानात येते : वरचा भाग खांदेपट्ट्यांविना असल्याने तो घसरू नये म्हणून अस्तराच्या आत ताठ पट्ट्या उभ्या शिवलेल्या, कमरेशी आतल्या बाजूने एक घट्ट फीत, आणि खाली जाळीचे एकावर एक परकर, ज्यांतला सर्वांत आतला खळ देऊन कडक केलेला, जेणेकरून वरचा घोळ घंटेसारखा फुललेला राहावा. उघड्या खांद्यांच्या अशा झग्याला फुलांचा गुच्छ कोठे टाचावा हा प्रश्नच पडे, म्हणून कोर्साज, म्हणजे मुलाने आपल्या जोडीदारणीस देण्याचा लहानसा पुष्पगुच्छ, खांद्यावरून उतरून लवचीक फितीने मनगटावर आला. शाळांची आणि धर्मगुरूंची नापसंतीही याच उघड्या खांद्यांवर खिळली. कोठे खांदेपट्टे सक्तीचे झाले, तर कोठे वरून आखूड जाकीट घालण्याची अट आली. झग्याच्या किमतीबद्दल मात्र नियमावल्या फारसे बोलत नव्हत्या.

वर्गात याच दशकात जीनविरुद्ध मोहीम चालू होती. चित्रपटांतील बंडखोर तरुण जीन घालून वावरत, आणि त्यावरून कपडा आणि गैरवर्तन यांचा थेट संबंध मुख्याध्यापकांनी जोडला. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात दशकाच्या मध्यास विद्यार्थी प्रतिनिधींच्याच सहभागाने एक पोशाखसंहिता तयार झाली, जिची नक्कल पुढे इतर अनेक शहरांनी केली. मुलांसाठी शर्ट, टाय, इस्त्रीची विजार आणि पॉलिश केलेले बूट ग्राह्य होते. जीन, टी-शर्ट आणि मोटारसायकलस्वारांचे जड बूट त्याज्य होते. मुलींसाठी ब्लाऊज, स्वेटर आणि स्कर्ट ग्राह्य होते, तर कोणत्याही प्रकारची विजार आणि समारंभात घालण्याजोगे भपकेदार झगे त्याज्य होते. यांतील शेवटची नोंद विशेष बोलकी आहे, कारण सोमवारी सकाळी जो पोशाख शाळेत येण्यास अयोग्य ठरे, त्याच धर्तीच्या पोशाखावाचून शनिवारी रात्री त्याच शाळेच्या प्रॉमला जाणे विद्यार्थिनीला अशक्य होते. मुलाला इतके अंतर कापावे लागत नव्हते. शाळेतला टाय आणि प्रॉमचा टाय यांत फरक फक्त रंगाचा आणि गाठीचा होता.

साठच्या दशकात या नियमांना न्यायालयांत आव्हान मिळू लागले. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळी फीत बांधून आलेल्या विद्यार्थ्यांच्या टिंकर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी विद्यार्थ्यांच्या अभिव्यक्तीचे रक्षण केले. परंतु निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती एब फोर्टस यांनी त्यातच स्पष्ट केले की, हा खटला स्कर्टच्या लांबीचा, कपड्यांच्या प्रकाराचा वा केशरचनेचा नाही. त्यामुळे विद्यार्थ्याच्या दंडावरील फितीला संरक्षण मिळाले, गुडघ्यावरील कापडाला मिळाले नाही, आणि तो प्रश्न खालच्या न्यायालयांकडे राहिला. लाँग आयलंडवरील हिक्सव्हिल येथे मुलींना विजार घालण्यास असलेली बंदी १९६९ मध्ये राज्य न्यायालयाने रद्द केली, न्यू हॅम्पशायरमधील जीनवरील बंदी १९७० मध्ये संघीय न्यायालयाने उठवली, आणि मुलांच्या लांब केसांच्या खटल्यांत एका विभागातील न्यायालयांनी एक, तर दुसऱ्या विभागातील न्यायालयांनी नेमका उलटा निर्णय दिला. शिक्षणात लिंगभेदास मनाई करणाऱ्या १९७२ च्या कायद्याखाली १९७५ मध्ये जी नियमावली झाली, तिच्यात मुले आणि मुली यांच्यासाठी दिसण्याचे भिन्न नियम करण्यासही मनाई होती. १९८२ मध्ये ते कलम वगळण्यात आले. या वगळण्याची चर्चा त्या काळी फारशी झाली नसली, तरी त्याचे परिणाम आजही जाणवतात.

दक्षिणेकडील राज्यांत तर पोशाखाच्या प्रश्नापूर्वीच दाराचा प्रश्न होता. १९७० च्या सुमारास श्वेत आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शाळा एकत्र करणे भाग पडले, तेव्हा अनेक ठिकाणी शाळांनी प्रॉम भरवणेच सोडून दिले आणि पालकांनी खाजगी, वर्णानुसार वेगवेगळे प्रॉम सुरू केले. मिसिसिपीतील चार्ल्सटन या गावी ही प्रथा २००८ पर्यंत टिकली. मूळचे त्या भागातील अभिनेते मॉर्गन फ्रीमन यांनी एकत्रित प्रॉमचा खर्च उचलण्याची तयारी १९९७ मध्येच दाखवली होती, ती अकरा वर्षांनी स्वीकारली गेली. एकाच वर्गात बसणाऱ्या मुली त्याच दुकानांतून झगे घेत आणि निराळ्या दालनांत जात.

मुलाने टक्सिडो आणि मुलीने झगा घालावा, या गृहीतकाची परीक्षाही प्रॉमच्याच दाराशी झाली. ऱ्होड आयलंडमधील कम्बरलंड येथील ॲरन फ्रिक या विद्यार्थ्याने १९८० मध्ये पॉल गिल्बर्ट या मित्राला जोडीदार म्हणून नेण्याची परवानगी मागितली. हिंसाचार होईल या भीतीने शाळेने ती नाकारली, आणि न्यायाधीश रेमंड पेटीन यांनी टिंकर निकालाचा आधार घेत फ्रिकच्या बाजूने निर्णय दिला, कारण इतरांच्या दंडेलीची भीती दाखवून एखाद्याची अभिव्यक्ती दडपता येत नाही. सात वर्षांनी ओहायोत वेगळाच निकाल लागला. एक भाऊ आणि बहीण परस्परांच्या लिंगास रूढ असलेले कपडे घालून प्रॉमला आले, त्यांना परत पाठवण्यात आले, आणि संघीय न्यायालयाने पोशाखसंहितेच्या अंमलबजावणीचा शाळेचा अधिकार उचलून धरला. जोडीदार निवडण्यास जे संरक्षण मिळाले ते कोट निवडण्यास मिळाले नाही, अशी ही विसंगती होती. मिसिसिपीतील फुल्टन येथील कॉन्स्टन्स मॅकमिलन हिच्या २०१० मधील खटल्यात हे दोन्ही प्रश्न एकत्र आले : तिला मैत्रिणीसह आणि टक्सिडो घालून जायचे होते. शाळामंडळाने प्रॉमच रद्द केला. न्यायालयाने तिच्या टक्सिडो घालण्याच्या इच्छेलाही अभिव्यक्तीचे स्वरूप आहे हे मान्य केले, तिच्या हक्कांचा भंग झाल्याचे म्हटले, परंतु पालक खाजगी समारंभ भरवणार असल्याने प्रॉम घेण्याचा आदेश दिला नाही. पुढे असे घडले की, तिला ज्या समारंभाला बोलावले गेले तेथे मोजकेच विद्यार्थी होते, आणि बाकीचे दुसरीकडे जमले होते. अखेरीस मंडळाने ३५,००० डॉलर आणि भेदभावविरोधी धोरण देऊन तडजोड केली. पण त्या एका संध्याकाळची भरपाई कोणत्याही तडजोडीत होत नसते.

नव्वदच्या दशकात सार्वजनिक शाळांत गणवेशाची लाट आली. कॅलिफोर्नियातील लाँग बीचने १९९४ मध्ये आठवीपर्यंत गणवेश सक्तीचा केला आणि अध्यक्ष क्लिंटन यांनी १९९६ मधील संसदेपुढील भाषणात अशा गणवेशाचा पुरस्कार केला. परंतु ही लाट प्रॉमपर्यंत पोहोचली नाही. प्रॉमसाठी आज अनेक शाळा सचित्र सूचनापत्रे काढतात, ज्यांत ग्राह्य आणि अग्राह्य झगे शेजारी शेजारी दाखवलेले असतात : पाठ कमरेखाली उघडी नको, पोट दिसता कामा नये, मांडीवरची चीर अमुक उंचीच्या वर नको. काही ठिकाणी झगा विकत घेण्यापूर्वी त्याचे छायाचित्र पाठवून मंजुरी घ्यावी लागते. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण यंत्रणेने २०२२ मध्ये देशभरातील शालेय पोशाखसंहितांची पाहणी केली, तीत सुमारे ९० टक्के संहितांनी मुलींशी निगडित कपड्यांवर बंदी घातलेली आढळली, तर मुलांशी निगडित कपड्यांवर सुमारे ६९ टक्के संहितांनी. सुमारे ६० टक्के संहितांत कपड्याचे वा अंगाचे माप घ्यावे लागेल असे नियम होते. एकच झगा सडपातळ मुलीच्या अंगावर ग्राह्य आणि भरल्या अंगाच्या मुलीच्या अंगावर अग्राह्य ठरतो, तो या मोजपट्टीमुळेच.

अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलींनाही या नियमांची एक निराळी अडचण जाणवू शकते. पोट उघडे नको हा नियम शब्दशः लावला, तर आजीच्या नजरेत सर्वांत मर्यादशील असलेली साडी, चोळी आणि निऱ्या यांच्या मध्ये दिसणाऱ्या चार बोटे कमरेमुळे, प्रॉमला अयोग्य ठरते. महाराष्ट्रातील शाळांत दहावीच्या निरोप समारंभाला मुली साडी नेसतात तेव्हा ती बहुधा आईच्या, मावशीच्या किंवा काकूच्या कपाटातून आलेली असते, आणि पाच वारीच्या त्या वस्त्राला कोणाच्याही मापाची अडचण नसते. टक्सिडो भाड्याने घेऊन अमेरिकी मुलांनी जी सोय मिळवली, तशीच सोय उसन्या साडीने येथील मुलींना मिळवून दिली.

अमेरिकेतील मुलींसाठी ती सोय गेल्या काही दशकांत स्वयंसेवकांनी उभी केली आहे. वसंत ऋतूच्या आरंभी शाळांत, ग्रंथालयांत आणि चर्चच्या तळघरांत दान आलेले झगे मापानुसार चाकांच्या दांड्यांवर टांगले जातात. त्यांतले काही एकदाच घातलेले असतात, काहींवर दुकानाची चिठ्ठी तशीच असते. पडदा लावून कपडे बदलण्याची जागा केलेली असते, एका टेबलावर बूट आणि लहान पर्सेस मांडलेल्या असतात, आणि कोपऱ्यात शिवणयंत्रावर कोणी तरी झग्याची खालची दुमड वर घेत बसलेले असते. मुलीला झगा फुकट मिळतो. तो घालून प्रॉमच्या दारातून आत जाता यावे म्हणून, त्याच यंत्रावर, गळ्याशी जाळीचा एक तुकडा आणि खांद्यांना दोन पट्टे जोडून घेण्याची वेळही तिच्यावर येते.